ऊबदार सुगंधांची कुळकथा

थंडीपासून अंगाचे रक्षण करण्यासाठी मनुष्याने जी साधने शोधून काढली, त्यांत शेगडी, घोंगडी आणि बंडी यांची गणना कोणीही करील. परंतु त्याच यादीत सुगंधाचेही नाव घालावे असे म्हणणारा मनुष्य आज आपणांस तऱ्हेवाईक वाटेल. वस्तुतः आपल्या पूर्वजांस यात तऱ्हेवाईक असे काहीच वाटत नव्हते. उन्हाळ्यात जसे पातळ वस्त्र तसा वाळा, आणि हिवाळ्यात जशी शाल तशी कस्तुरी, हा त्यांचा साधा व्यवहार होता. ह्या व्यवहाराचा इतिहास मनोरंजक तर आहेच. पण त्यात अभिमान बाळगावा अशा गोष्टींबरोबर मान खाली घालावी अशाही काही गोष्टी आहेत. त्या दोहोंचा विचार एकत्र करावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

लेखास निमित्त घरगुतीच घडले. गेल्या मार्गशीर्षात आमच्या घरी लग्नकार्य होते. वधूस आलेल्या भेटींत विलायती सुगंधाच्या दोन कुप्या होत्या, आणि रात्रीच्या समारंभास त्यांतील कोणती वापरावी ह्याचा खल मुलींत चालला होता. एक कुपी ‘ताजी’ आणि दुसरी ‘ऊबदार’ अशी त्यांनी वर्गवारी केली होती. सुगंधास ऊब कसली, अशी थट्टा आम्ही करणार, तोच कोपऱ्यात बसलेल्या आमच्या आत्याबाईंनी ती दुसरी कुपी मागून घेतली, हुंगली आणि म्हणाल्या, “अगं, हा तर दिवाळीच्या पहाटेचा वास! ह्यात आपल्या उटण्याची वाटी उपडी केली आहे की काय कोणी?” मुली हसल्या. आम्हीही हसलो, परंतु पुढे दोन महिने जुनी पुस्तके चाळल्यावर आमची खात्री झाली की, त्या दिवशी त्या खोलीत खरे इतिहासज्ञान एकट्या आत्याबाईंसच होते.

प्रथम वैद्यकाकडे वळू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सहाव्या अध्यायात ऋतुचर्या सांगितली आहे. तीत थंडीच्या दिवसांत जाड व उष्ण वस्त्रे पांघरावी आणि अंगास अगरूचा दाट लेप द्यावा असे सांगून, ग्रीष्मात मात्र चंदनाची उटी लावावी असा विधी आहे. वाग्भटाचे अष्टांगहृदय हा त्यामानाने अर्वाचीन ग्रंथ. त्यात हेमंतासाठी केशर व कस्तुरी यांचा लेप आणि अगरूचा धूप सांगितला आहे. ही नुसती हौस नव्हे. प्रत्येक द्रव्यास शीत अथवा उष्ण असे वीर्य असते आणि ते ऋतूच्या उलट योजिले असता शरीराचा तोल राहतो, ह्या सिद्धांताचाच तो एक प्रयोग आहे. चंदन, वाळा, कापूर ही थंड. अगरू, कस्तुरी, केशर, लवंग, जायफळ ही उष्ण. औषधाच्या पेटीची जी विभागणी, तीच शृंगाराच्या पेटीची होती.

ह्या विभागणीत वस्तुस्थितीचा अंश किती आणि रूढीचा किती, असा प्रश्न आधुनिक वाचक विचारील, व तो रास्त आहे. पुदिन्याच्या अर्काने गारवा वाटतो तो भ्रम नव्हे. थंडी ओळखणारी जी यंत्रणा आपल्या ज्ञानतंतूंत असते तिलाच तो अर्क चाळवितो, असे २००२ साली प्रयोगांनी सिद्ध झाले. उष्ण मानलेल्या सर्व द्रव्यांविषयी असा पुरावा देता येत नाही. कापूर तर उलट ऊब ओळखणाऱ्या यंत्रणेस जागा करतो असे दिसून आले आहे. म्हणजे तेथे शास्त्र परंपरेच्या विरुद्ध गेले. तथापि दुसरी एक गोष्ट निर्विवाद आहे. अगरू, कस्तुरी, ऊद, जटामांसी यांतील गंधद्रव्ये जड असून सावकाश उडतात. उन्हाळ्यात ती अंगाच्या उष्णतेने एकदम उसळतात आणि डोके भणभणते. हिवाळ्यात तीच मंदपणे, शालीच्या घडीतून डोकावावी तशी, प्रहर दोन प्रहर दरवळत राहतात. शिवाय धूप, मसाले आणि शेगडी यांचा वास आपण जन्मापासून उबेच्या जागीच घेत आलो आहो. मनाने एकदा जोडलेली ही गाठ सुटत नाही. तेव्हा पूर्वजांची उपपत्ती कशीही असो, त्यांची निवड अनुभवाची होती असे म्हणावयास हरकत नाही.

आता ही द्रव्ये येत कोठून, ते पाहू. कौटिल्याने अर्थशास्त्रात राजाच्या कोशात ठेवण्याजोग्या रत्नांची परीक्षा सांगितली आहे, आणि आश्चर्य असे की, मोत्ये व हिरे यांच्याच प्रकरणात चंदन व अगरू ही लाकडे येतात. उत्तम अगरू कोणता? जो वजनाने जड, स्निग्ध, ज्याचा गंध दूरवर पसरतो, जो विस्तवात टिकतो, ज्याचा धूर भसकन उठत नाही, ज्याचा वास आरंभापासून अखेरपर्यंत सारखा राहतो आणि जो चोळला तरी जात नाही, तो. दोन हजार वर्षे होत आली, पण सुगंधाच्या दुकानात उभे राहणाऱ्यास याहून चांगली कसोटी आम्हांस तरी सांगता येणार नाही. अगरूचे वृक्ष मुख्यतः ईशान्येकडचे. बाणभट्टाने हर्षचरितात कामरूपाचा राजा भास्करवर्मा याने हर्षास पाठविलेल्या नजराण्याचे जे वर्णन केले आहे, त्यात काळ्या अगरूचे तेल आणि कस्तुरीचे नाभे आहेत. पुढे हर्षाची राजधानी कनौज झाली. कामरूपाचा अगरू आणि कनौजचे नाव ही जोडी वाचकांनी ध्यानात ठेवावी; तिचा उपयोग पुढे आहे.

द्रव्ये जमली, परंतु ती निवडावी व मिसळावी कशी? सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत ‘गंधयुक्ती’ नावाचा एक अध्यायच लिहिला आहे. ज्योतिषी मनुष्य अत्तरे करावयास बसला म्हणजे काय होते, ते येथे पाहावे! सोळा द्रव्ये घ्या. त्यांतून कोणतीही चार निवडा. अशा चौकड्या होतात १,८२०. प्रत्येक चौकडीचे प्रमाणभेदाने ९६ प्रकार. म्हणून एकंदर सुगंध १,७४,७२०. गणिताच्या इतिहासकारांना ह्या श्लोकांचे मोठे अप्रूप वाटते, कारण निवडीच्या गणिताचे ते फार जुने उदाहरण आहे. आम्हांस त्यात आणखी एक गोष्ट दिसते. सुगंध ही एखाद्या फुलाची सरळ देणगी नसून विचारपूर्वक केलेली निवड आहे, हे ह्या देशात तेव्हाच ओळखले गेले होते. पावणेदोन लाख वाटा समोर असता पाऊल एकाच वाटेवर टाकावयाचे, यालाच ‘युक्ती’ म्हणतात.

महाराष्ट्राचा ह्या विद्येशी संबंध काय, असे कोणी विचारील. आमच्या दक्षिणेतील कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात मानसोल्लास हा ग्रंथ रचला. राजाच्या उपभोगांत त्याने विलेपन व धूप यांना स्वतंत्र स्थान दिले असून उट्यांची योजना ऋतुमानाप्रमाणे केली आहे. याहून जवळचा पुरावा पुण्यात निघाला. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे ग्रंथपाल परशुराम कृष्ण गोडे यांना एका हस्तलिखितात गंगाधराचा ‘गंधसार’ आणि अज्ञात कर्त्याचा ‘गंधवाद’ असे दोन ग्रंथ एकत्र मिळाले. त्यांतील गंधवादावर चक्क मराठी टीका आहे. हे दोन्ही ग्रंथ १९८९ साली बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने छापून प्रसिद्ध केले. संस्कृत ग्रंथावर मराठी टीका कोण लिहितो? नुसत्या पंडितास ती नको असते. ज्याला खल, पाटा आणि चूल घेऊन बसावयाचे आहे, अशा मनुष्यासाठीच ती लिहिली जाते. तात्पर्य, कधीकाळी मराठी बोलणारे हात ही द्रव्ये कुटीत व शिजवीत होते, असे अनुमान आम्ही काढतो.

गंधसारात सहा संस्कार सांगितले आहेत: भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन. चूर्ण द्रवात भिजविणे, अग्नीवर शिजविणे, मंद पडलेला गंध पुन्हा जागा करणे, तीक्ष्ण द्रव्याने त्याचा भेद करणे, धुरी देणे आणि शेवटी फुलांत ठेवून वास धरविणे, हा तो क्रम. आमच्या घरातील सुगृहिणीस हे शब्द परके वाटतील, पण क्रिया परक्या वाटणार नाहीत. मसाला भाजताना आणि गुलकंद मुरविताना ती निराळे काय करते?

मुसलमानी अमलात ह्या विद्येस नवा बहर आला. माळव्यात मांडूच्या सुलतानासाठी सुमारे १५०० साली सिद्ध झालेल्या निमतनाम्यात पाकक्रियांच्या शेजारीच सुगंधांच्या कृती आहेत. विजापुरास दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळी (१५८० ते १६२७) सुगंधांवर स्वतंत्र फारसी ग्रंथ झाला. आणि अबुल फजलाने ऐने अकबरीत अकबराच्या सुगंधखान्याची सविस्तर नोंद ठेविली. ज्याला आपण ‘अत्तर’ म्हणतो तो शब्द ह्याच वाटेने मराठीत रुळला.

आता कनौजकडे येऊ. हर्षाचे साम्राज्य गेले, पण त्या गावात अत्तराच्या भट्ट्या आजही पेटतात. तांब्याचा मोठा देग, त्याचे तोंड मातीने लिंपलेले. त्यातून निघालेला बांबूचा चोंगा. आणि पाण्याच्या हौदात बसविलेला, पोटात चंदनाचे तेल भरलेला भपका: एवढीच सामग्री. वाफ चोंग्यातून भपक्यात उतरते आणि चंदनाचे तेल तिचा गंध शोषून घेते. किती आच द्यावी, हे कारागीर भपक्यास हात लावून ठरवितो. ह्या भट्टीतून उन्हाळ्यासाठी वाळा व मोगरा आणि पहिल्या पावसाच्या वासाचे मातीचे अत्तर निघते, तसे थंडीसाठी ‘हिना’ किंवा ‘शमामा’ निघते.

ह्या हिन्याविषयी एक गैरसमज आहे. मेंदीच्या फुलांचे अत्तर निराळे. थंडीतला हिना हा एकट्या फुलाचा नसून अनेक जिनसांचा मेळ आहे. त्यात काय असते? नागरमोथा, जटामांसी, कपूरकाचरी, लवंग, जायफळ, जायपत्री, वेलदोडा, केशर आणि खडकांवर व झाडांच्या सालींवर वाढणारे ‘चरीला’. हा चरीला म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यातील दगडफूल! हे सर्व क्रमाक्रमाने, कित्येक दिवस, चंदनावर उतरवीत राहतात. प्रत्येक कारागीर घराण्याची कृती निराळी, आणि ती बापाकडून मुलाकडे जाते. आता वाचकांनी आपल्या दिवाळीच्या उटण्याचे घटक आठवावे: नागरमोथा, कपूरकाचरी, गवला, कचोरा, वाळा, चंदन. दिवाळी म्हणजे थंडीचा उंबरठा. त्या पहाटे तेल लावून ऊन पाण्याने स्नान करण्याचा आणि हे उटणे चोळण्याचा विधी म्हणजे, राजाच्या विलेपनाची गरिबाच्या न्हाणीत उरलेली आवृत्तीच नव्हे काय? आत्याबाईंचे नाक चुकले नव्हते.

येथवर अभिमानाची कथा झाली. आता दुसरी बाजू. उष्ण सुगंधांचा राजा म्हणजे कस्तुरी. ती कोठून येते हे सर्वांस ठाऊक आहे. संतांनी तिच्यावरून केलेले रूपक आपण कीर्तनात ऐकतो. नाभीतील सुगंधासाठी रानोमाळ हिंडणाऱ्या वेड्या मृगाबद्दल आपणांस कीव येते. परंतु तो नाभा मनुष्याच्या हाती कसा लागतो, ह्याचा उच्चार कीर्तनात होत नाही. नराच्या पोटाखालील त्या पिशवीत सरासरी २५ ग्रॅमच्या आसपास कस्तुरी निघते; म्हणजे एका किलोसाठी निदान ४० नर मारावयास हवेत, आणि फासा नर-मादी पाहत नसल्याने खरा संहार याहून पुष्कळच मोठा. सतराव्या शतकात ताव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या पाटण्यास कस्तुरीचे नाभे मोठ्या संख्येने खरेदी करीत होता. आम्ही लहान असताना आमच्या घरीही चांदीच्या डबीत, कापसात गुंडाळलेला असा एक नाभा होता. कोणाचा अंतकाळ जवळ आला म्हणजे त्यातील कणभर मात्रेत उगाळीत. त्या डबीचा वास आम्हांस आजही, डोळे मिटले असता, येतो. आणि त्या वासाने आम्हांस ऊब वाटते हे नाकारणे खोटेपणाचे होईल. पण ती ऊब हिमालयातील एका प्राण्याच्या अंगातून काढून आणलेली होती, हे तेवढेच खरे. अगरूचीही कथा फार निराळी नाही. त्या झाडास जखम होऊन बुरशीचा संसर्ग झाला म्हणजे ते आपल्या रक्षणार्थ जो काळसर राळेसारखा रस साठविते, तोच सुगंधी. कोणत्या झाडात तो आहे हे बाहेरून नक्की कळत नाही, म्हणून शोधणारे निरोगी झाडेही तोडीत गेले. आज कस्तुरीमृगास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे आणि अगरूस आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या निर्बंधांचे संरक्षण द्यावे लागले आहे, ते ह्यामुळेच.

ह्या संहारातून सुटकेची वाट रसायनशाळेत सापडली. १८६८ साली इंग्लंडात पर्किन याने सुकलेल्या गवताच्या वासाचे कुमारिन कृत्रिम रीतीने केले. १८७४ साली जर्मनीत टीमान व हार्मान यांनी व्हॅनिलाच्या शेंगेतील सुगंधी द्रव्य तयार केले. १८८८ साली बाउर नावाचा रसायनज्ञ स्फोटक पदार्थांवर प्रयोग करीत होता. त्याच्या भांड्यात स्फोटकाऐवजी कस्तुरीचा वास निघाला! मनुष्य मारण्याच्या साधनाचा शोध चालला असता हजारो मृगांचे प्राण वाचविणारे साधन हाती लागावे, हा दैवाचा विनोद मोठा विलक्षण आहे. त्या कुळातील काही द्रव्ये पुढे अपायकारक ठरून वर्ज्य झाली, हेही सांगितले पाहिजे. खऱ्या कस्तुरीच्या गंधतत्त्वाची घटना १९२६ साली रुझिच्का याने उलगडली, आणि १९३९ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात त्याच्या ह्या विषयातील संशोधनाचाही वाटा होता. १९२५ साली पॅरिसच्या गेर्लां घराण्याने ऊबदार सुगंधांचा जो नमुना जगापुढे ठेविला, त्याचा पाया कृत्रिम व्हॅनिलावर्गाचा होता; नाव मात्र ‘शालिमार’, आमच्या मोगली बागेचे! आमचे काही मित्र हे ऐकून “त्यांनी आमचे चोरले” असे म्हणतात. आम्हांस तसे वाटत नाही. नाव आमचे, शेंग मेक्सिकोची, रसायन जर्मनीचे आणि कुपी फ्रान्सची. सुगंधाच्या इतिहासात शुद्ध वंशावळ शोधणाऱ्याची निराशाच व्हावयाची.

ह्या सरमिसळीत शब्दांचे मात्र हाल झाले आहेत, आणि निवड करणाऱ्याने तेथे सावध राहावे. कुपीवर ‘ऊद’ लिहिले असेल तर तो अरबी ऊद, म्हणजे आपला अगरू. आपल्या देव्हाऱ्यात गुरुवारी जळतो तो ऊद बहुधा निराळ्या झाडाची राळ असते. ‘अंबर’ म्हणजे मुळात देवमाशाच्या पोटातून येणारे द्रव्य, आणि त्याची खरेदी-विक्री आपल्या देशात गुन्हा आहे. कुपीवरील ‘अंबर’ हे राळा व व्हॅनिला यांचे मिश्रण असते. आणि ‘अगरबत्ती’त अगरू असतोच असे समजण्याइतके भोळे आता कोणी राहिले नसेल. कनौजच्या नावावर विकले जाणारे सर्वच अत्तर चंदनावर उतरविलेले नसते. चंदन महागल्यापासून खनिज तेलावर काम भागविणारे पुष्कळ आहेत. येथे कौटिल्याची कसोटीच कामी येते: वास आरंभी व अखेरीस सारखा राहतो काय, आणि चोळल्यावर टिकतो काय? म्हणून दुकानात कागदाच्या पट्टीवर निर्णय करू नये. मनगटास थेंब लावावा, घरी यावे आणि दोन तासांनी हुंगावे. आणि थेंब एकच लावावा. शेजारच्यास न विचारता त्याच्या अंगावर घातलेली शाल ही ऊब नव्हे, बळजोरी होय.

आता शेवटचा प्रश्न. मृग न मारता, जंगल न तोडता ऊब मिळावयाची असेल, तर कोणता सुगंध घ्यावा? रसायनशाळेचा घ्यावा, त्यात कमीपणा नाही. परंतु आम्हांस पुन्हा पुन्हा त्या थंडीतल्या हिन्याचे कौतुक वाटते. त्यातील कस्तुरी काढून टाकली तरी त्याचे काही अडत नाही. त्याचा कणा मुळी नागरमोथा, लवंग, जायफळ आणि दगडफूल ह्या साध्या जिनसांचा आहे. श्रीमंतीचा जो अंश दुसऱ्याच्या प्राणावर उभा होता तो गळून पडला, आणि स्वयंपाकघराच्या फडताळातून जो आला होता तो टिकला. इतिहासात असा न्याय क्वचित पाहावयास मिळतो.

त्या रात्री वधूने अखेर कोणती कुपी उघडली, ते आम्ही विचारले नाही. पाठवणीच्या वेळी ती आत्याबाईंच्या पाया पडावयास वाकली, तेव्हा त्यांनी आपल्या कनवटीची एक लहानशी पुडी तिच्या हातात ठेविली. त्यात कोरडे उटणे होते. “दिवाळीला लाव,” त्या म्हणाल्या, “तिकडे थंडी फार असते.”